नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प: भाषण बाजूला ठेवून आधी कुठलं पान उघडायचं?

सातबारा

निवडणूक झाली, सरकार बसलं, की पहिल्या अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर दिवसभर 'कुणाला काय मिळालं' सुरू असतं. पण वचननाम्यातलं काय खरंच होणार, काय लांबणार आणि काय गुपचूप गळणार, हे त्यातून कळत नाही. ते आकड्यांवरून कसं ओळखायचं, यासाठी हा धागा.

हवेत बोलायला नको म्हणून महाराष्ट्राचं २०२५-२६ घेऊ. निकाल २३ नोव्हेंबर २०२४, शपथविधी ५ डिसेंबर, अर्थसंकल्प १० मार्च २०२५. एकूण आकार ७,००,०२० कोटी, महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे ढोबळमानाने वर्षभरात कर्जाने भागवायची रक्कम, १ लाख ३६ हजार कोटींच्या वर.

माझं मत आधीच मांडतो. पुढची निवडणूक सर्वांत लांब असते ती पहिल्या अर्थसंकल्पाच्या वेळी. त्यामुळे करवाढ, योजनांची छाटणी असले अवघड निर्णय सरकारने याच वर्षी घ्यायला हवेत. पटतंय का?

जमाखर्च

चांगला विषय. मताबद्दल नंतर, आधी पानाबद्दल.

'अर्थसंकल्प संक्षेपात' ही पुस्तिका वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असते, तिथून सुरुवात करा. प्रत्येक तक्त्यात सरलेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज असे रकाने असतात. भाषणात फक्त शेवटचा रकाना असतो. खरी माहिती आधीच्या तिघांत असते. एखाद्या विभागाला मूळ अंदाज १००, सुधारित ७५, प्रत्यक्ष ६० असं वर्षानुवर्षं होत असेल, तर पुढच्या वर्षीच्या १२० वर टाळ्या वाजवायचं कारण नाही.

मग महसुली जमेतून तीन गोष्टी वजा करा: वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज. महाराष्ट्रात महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग यातच जातो. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हे पैसे द्यावेच लागतात. उरलेल्यातून आधीच चालू असलेली अनुदानं जातात, शेतीपंपांची वीज, केंद्रपुरस्कृत योजनांतला राज्याचा हिस्सा वगैरे. त्यानंतर जे राहतं तेवढंच नव्या सरकारचं स्वतःचं धोरण. सात लाख कोटींच्या आकड्यावरून प्राधान्यक्रम ठरवायला गेलं की फसगत होते ती इथेच.

अबोली

वाचतेय. जमाखर्च, लेखाशीर्षाबद्दलही लिहा ना, म्हणजे प्रत्येक बाबीपुढचा तो सांकेतिक क्रमांक. ते आकडे पाहून माणूस पुस्तक मिटतो.

जमाखर्च

अबोलीताई, चार आकडी प्रधान शीर्षाचा पहिला अंक ओळखता आला तरी खूप झालं. ० किंवा १ म्हणजे महसुली जमा, २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च, ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च (टिकाऊ बांधकामं, मालमत्ता), ६ किंवा ७ म्हणजे कर्जं आणि आगाऊ रकमा, ८ म्हणजे लोकलेखा (सरकारकडे ठेव म्हणून असलेले इतरांचे पैसे). २०४९ व्याज, २०७१ निवृत्तिवेतन, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण, ५०५४ रस्ते व पूल. 'रस्त्यांसाठी विक्रमी तरतूद' ऐकलं की ती ५०५४ मध्ये आहे की ३०५४ मध्ये, ते बघायचं. ५०५४ म्हणजे नवं बांधकाम, ३०५४ मध्ये देखभाल-दुरुस्ती. दोन्ही लागतात, पण नवं सरकार उद्घाटनाकडे झुकलंय की असलेला रस्ता टिकवण्याकडे, हे या दोन आकड्यांच्या प्रमाणावरून दिसतं.

पाटपाणी

जमाखर्च यांच्या मुद्द्याला जोडून. थेट पैसे देणाऱ्या योजनेचं वचन पाळलं जाणार की नाही, हे एका भागाकारात कळतं. लाडकी बहीणच घ्या.

महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. एक कोटी लाभार्थी असतील तर १८,००० कोटी. ही योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली आणि मार्च २०२५ च्या भाषणानुसार सुमारे २ कोटी ५३ लाख महिलांना लाभ देण्यासाठी ३३,२३२ कोटी खर्च आला. ताळा करून बघा: २.५३ कोटी गुणिले १,५०० गुणिले ९ महिने, ३४ हजार कोटींच्या आसपास येतात. म्हणजे आकडे जुळतात.

आता तेवढ्याच महिलांना पूर्ण १२ महिने द्यायचे तर ४५,५४० कोटी लागतात. २०२५-२६ ची तरतूद होती ३६,००० कोटी. भागिले १८,०००, उत्तर बरोबर २ कोटी. प्रचारात वचन दिलेले महिना २,१०० द्यायचे म्हटले तर वर्षाला माणशी २५,२००, आणि ३६,००० कोटींत दीड कोटी महिलासुद्धा बसत नाहीत.

तेव्हा भाषण संपायच्या आधीच दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. त्या वर्षी २,१०० होणार नव्हते, आणि एकतर पडताळणी करून नावं कमी होणार होती किंवा वर्षाच्या मध्यात जादा पैशांसाठी विधिमंडळात पुरवणी मागणी येणार होती. हे कळायला मंत्रालयात ओळख लागत नाही.

तिठा

पाटपाणी, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. +१

उंबरठा

सातबारा, उदाहरणालाच माझी हरकत आहे. तेव्हा मुख्यमंत्री बदलले तरी युती तीच होती आणि अर्थमंत्रीही तेच. आधीच्यांनी काय करून ठेवलंय ते सांगायची सोय अशा सरकारला नसते. खरा सत्ताबदल झाला की पहिलं पाऊल वेगळं पडतं: श्वेतपत्रिका, म्हणजे तिजोरीच्या स्थितीचा अधिकृत लेखाजोखा. तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसचं सरकार आलं आणि त्याच महिन्यात विधानसभेत श्वेतपत्रिका मांडून राज्यावर एकूण ६.७१ लाख कोटींचं दायित्व असल्याचं सांगितलं. पंजाबात २०२२ साली आम आदमी पक्षाच्या सरकारनेही तेच केलं.

श्वेतपत्रिका वाचताना एक पथ्य पाळावं. तिच्यात राज्याचं थेट कर्ज, महामंडळांनी राज्याच्या हमीवर घेतलेलं कर्ज आणि महामंडळांचं बिनहमीचं कर्ज एका बेरजेत येऊ शकतं. आधीचं सरकार म्हणतं फक्त पहिलं मोजा, नवं म्हणतं सगळं मोजा. तिन्ही ओळी वेगळ्या करून घेतल्या की भांडण बरंचसं मिटतं.

सह्यवारा

खरा सत्ताबदल हवा असेल तर कर्नाटक २०२३ सर्वांत शिकण्यासारखं. फेब्रुवारीत तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी ३.०९ लाख कोटींचा, महसुली शिल्लक दाखवणारा अर्थसंकल्प मांडला होता. मे मध्ये सरकार बदललं, ७ जुलैला नवे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी त्याच वर्षासाठी नवा मांडला: ३.२७ लाख कोटी, आणि १२,५२३ कोटींची महसुली तूट. प्रचारात दिलेल्या पाच हमींचा वर्षाचा खर्च त्यांनी ५२,००० कोटी सांगितला.

त्यात क्रम बघण्यासारखा आहे. महिलांचा मोफत बसप्रवास आधी, ११ जूनला. त्याला अर्ज लागत नाही, खातं लागत नाही, कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडलं की झालं. कुटुंबप्रमुख महिलेला दोन हजार देणारी गृहलक्ष्मी ऑगस्टअखेर, कारण शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख कोण, आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे सगळं आधी जुळवावं लागतं. वर्षाच्या मध्यात आलेल्या सरकारला याचा एक फायदा असतो. योजना जितकी उशिरा सुरू तितका पहिल्या वर्षाचा खर्च कमी दिसतो. पूर्ण वर्षाचा भार दुसऱ्या अर्थसंकल्पात उघडा पडतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्याला योजना जितके महिने चालली तितक्यांनी भागून बाराने गुणल्याशिवाय त्यावर मत बनवू नये.

आणि सातबारांच्या मताला इथे आधार मिळतो. त्याच जुलैच्या अर्थसंकल्पात देशी बनावटीच्या मद्यावरचं अतिरिक्त उत्पादन शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं होतं.

कोरा_कागद

दारूच का पण दर वेळी? पेट्रोल नाही, सोनं नाही, थेट दारू.

लेखाशीर्ष

कारण राज्याच्या हातात फार थोडे कर उरलेत. जीएसटी आल्यावर बहुतेक वस्तूंचा दर केंद्र-राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे केंद्राचं मतमूल्य एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. एकट्या राज्याला दर हलवायचा विचारही करता येत नाही. जीएसटीमुळे घटलेल्या महसुलाची केंद्राकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा काळही ३० जून २०२२ ला संपला. त्यामुळे सोनंही गेलं. उरलं काय? मद्यावरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, मोटार वाहन कर, वीज शुल्क. पेट्रोल वाढवलं की महागाईची ओरड दुसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणून मद्य आणि मुद्रांक.

महाराष्ट्रातही तेच झालं, पण वेळ बघा. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख, सीएनजी-एलपीजीच्या खासगी गाड्यांवर एक टक्का वाढ, असं किरकोळ. मोठा निर्णय आला १० जूनला, मंत्रिमंडळाच्या बैठकीत: भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट. या निर्णयांतून वर्षाला १४,००० कोटी वाढतील असा सरकारचा अंदाज. मार्चच्या कागदांत हे कुठेच नव्हतं. तेव्हा सातबारा, अवघड निर्णय पहिल्या वर्षी घेतले जातात हे खरं, पण ते अर्थसंकल्पाच्या दिवशीच सापडतील असं समजू नका. अधिवेशन संपल्यानंतरचे तीन महिने मंत्रिमंडळाचे निर्णय वाचत राहायचे.

तिठा

पेट्रोल जीएसटीत आणा म्हणजे प्रश्न सुटेल.

लेखाशीर्ष

राज्यघटनेच्या २७९अ मध्ये तशी तरतूद आहेच, परिषदेने तारीख सुचवायची आहे. पण राज्यांकडे स्वतः दर ठरवता येणारे जे चारपाच कर उरलेत, त्यातला एक मोठा ते सोडून देतील, तर उद्या दुष्काळ पडला तर पैसे आणणार कुठून? कुठल्याही रंगाचं राज्य सरकार याला उत्साहाने हात वर करत नाही, त्याचं कारण हेच. हा विषय इथेच थांबवू, नाहीतर धागा भरकटेल.

पाटपाणी

कर नाही वाढवला तर कर्ज. त्याच्या पायऱ्या कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो.

केंद्राचं कर्ज बाकी असेल तर राज्याला कलम २९३(३) नुसार नवं कर्ज घ्यायला केंद्राची संमती लागते, आणि बाकी जवळपास सगळ्यांचीच असते. केंद्र दरवर्षी सकल राज्य उत्पादनाच्या टक्केवारीत मर्यादा ठरवून देतं, मूळ मर्यादा ३ टक्के. तेवढ्यात राज्य आपले रोखे विकतं. लिलाव रिझर्व्ह बँक घेते, शक्यतो मंगळवारी, आणि तिमाहीचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. नव्या सरकारची नड बघायची असेल तर त्या वेळापत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष उचललेला आकडा शेजारी ठेवा. रोखीची रोजची चणचण भागवायला अर्थोपाय अग्रिम, म्हणजे रिझर्व्ह बँकेची थोड्या दिवसांची उसनवार, असतं. तेही पुरलं नाही तर अधिकर्ष (ओव्हरड्राफ्ट), तो मात्र सलग १४ कामकाजाच्या दिवसांपलीकडे गेला तर रिझर्व्ह बँक राज्याची देणी थांबवते.

पूर्वी एक पळवाट होती, महामंडळाच्या नावावर कर्ज काढायचं आणि फेडायचं अर्थसंकल्पातून. २०२२-२३ पासून केंद्र तेही राज्याच्या मर्यादेत धरू लागलं. केरळ याच वादात सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं.

उंबरठा

सातबारांचं मत ब्रिटनमध्ये दोन्ही बाजूंनी तपासून झालंय. सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानपदी आलेल्या लिझ ट्रस यांच्या अर्थमंत्र्यांनी २३ तारखेला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते न सांगता आणि स्वायत्त संस्थेचा अंदाज जोडल्याशिवाय. रोखे कोसळले, २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला दीर्घ मुदतीचे रोखे विकत घ्यायची घोषणा करावी लागली, ऑक्टोबरमध्ये आधी अर्थमंत्री गेले, मग पंतप्रधान. उलट जुलै २०२४ मध्ये निवडून आलेल्या मजूर पक्षाने ३० ऑक्टोबरच्या पहिल्याच अर्थसंकल्पात सुमारे ४० अब्ज पौंडांची करवाढ केली, मालकांनी पगारावर भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के. सातबारा म्हणतात तसंच.

मग आपल्या राज्यांना बाजार अशी शिक्षा का करत नाही?

पाटपाणी

कारण राज्यांचे रोखे बँकांना वैधानिक रोखतेत, म्हणजे ठेवींचा जो भाग सुरक्षित ठिकाणी ठेवावाच लागतो त्यात, धरता येतात आणि त्यामागे रिझर्व्ह बँकेची यंत्रणा आहे, असं गुंतवणूकदार मानतो. त्यामुळे नीट चालणाऱ्या आणि ओढग्रस्त राज्याच्या व्याजदरात फरक फारच थोडा पडतो. इथे लगाम बाजाराच्या हातात नाही, दिल्लीतल्या मर्यादेच्या हातात आहे. म्हणून राज्यात चूक झाली तर रोखे पडत नाहीत, ठेकेदारांची बिलं थकतात. लोकांना ते संकट म्हणून दिसतच नाही.

कातळशिल्प

थकलेल्या बिलांचा उल्लेख आला ते बरं झालं. सगळी चर्चा रोख योजनांवर चाललीय आणि भांडवली कामं मागे राहतात.

घोळ असा होतो. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते १०० कोटींची. अर्थसंकल्पात त्या वर्षी तरतूद ५ कोटींची, कधी तर नुसती टोकन, काही हजार रुपयांची. नाव पुस्तकात आलं, की निविदा काढता येते, कार्यारंभ आदेश निघतो, नारळ फुटतो. ठेकेदार २० कोटींचं काम करतो. बिल २० चं, तरतूद ५ ची. अशी हजार कामं एकत्र आली की विभागाचं दायित्व त्याच्या वार्षिक तरतुदीच्या कितीतरी पट होतं. नवं सरकार आल्यावर त्याला नवी कामंही पुस्तकात घालायची असतात, म्हणून जुन्यांना आणखी कमी मिळतं आणि सगळीच अर्धवट राहतात.

त्यात वित्त विभाग वर्षाच्या सुरुवातीला तरतुदीचा ठरावीक टक्काच बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर सोडतो. तूट वाढली की पहिली कात्री भांडवली कामांना लागते, कारण पगार थांबवता येत नाही आणि रोख योजनेचा हप्ता थांबवला तर गाव पेटतं.

तपासायची रीत सोपी आहे: विभागाच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कामाची अंदाजित किंमत, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद बघा. उरलेली किंमत भागिले यंदाची तरतूद. उत्तर पंधरा आलं, तर तो पूल पंधरा वर्षांनी होणार, कोनशिलेवर काहीही लिहिलेलं असो.

अबोली

हे वाचून आमच्या गावाकडचे निम्मे पूल समजले.

कोरा_कागद

कर्जमाफी कुठे बसते या सगळ्यात? नवं सरकार म्हटलं की तो प्रश्न येतोच.

लेखाशीर्ष

महसुली खर्चात बसते, पण रोख योजनेहून वेगळी. भार एकदाच, मात्र दोन-तीन वर्षांत वाटून दाखवता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने जाहीर केलेली महात्मा जोतिराव फुले योजना घ्या. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधलं पीककर्ज, ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत, मुद्दल-व्याज मिळून २ लाखांपर्यंत. बँकेने खात्यांची यादी चढवायची, गावात यादी लागायची, शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण करायचं, रक्कम मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार.

अडलं कुठे? २ लाखांच्या वर हजार रुपये थकलेला शेतकरी पूर्ण बाहेर पडला. आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी सांगितलेलं ५०,००० पर्यंतचं प्रोत्साहन खात्यात पडायला २०२२ उजाडलं, तोवर सरकारही बदललं होतं. पुढच्या वेळी कुणी कर्जमाफी जाहीर केली की रक्कम बघू नका, आधी ही कटऑफ तारीख आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांचं काय, ते बघा.

सह्यवारा

जुन्या पेन्शनचाही उल्लेख हवा. तिथे हिशेब नेमका उलटा चालतो. नव्या योजनेत सरकार दरमहा १४ टक्के वाटा भरतं. जुनी परत आणली की तो वाटा लगेच थांबतो, म्हणून पहिल्या अर्थसंकल्पात बचत दिसते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले बहुतेक कर्मचारी निवृत्त व्हायला अजून बरीच वर्षं आहेत, खरा भार तेव्हा. ज्या वचनाने पहिल्या वर्षी पैसे वाचतात त्याची किंमत पुढच्या कुठल्या तरी सरकारच्या माथी असते. हिमाचलमध्ये डिसेंबर २०२२ ला आलेल्या सरकारने हा निर्णय पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत घेतला.

तिठा

यावर मात्र असहमत. ज्याने आयुष्यभर नोकरी केली त्याला म्हातारपणी बाजाराच्या भरवशावर सोडायचं, हे पटत नाही. खर्च आहे म्हणून वचनच चुकीचं ठरत नाही.

सह्यवारा

तिठा, वचन चूक की बरोबर हे मी म्हटलंच नाही. द्यायचं असेल तर त्याचा पुढच्या वीस वर्षांचा तक्ता पहिल्याच अर्थसंकल्पाला जोडावा. मग ज्याला हवं त्याने बाजू घ्यावी.

सातबारा

खूप मिळालं. लेखाशीर्ष यांचा जूनचा मुद्दा मान्य, मार्चच्या पुस्तकात सगळं सापडत नाही. मग मूळ प्रश्न थोडा बदलून विचारतो: अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर वर्षभर नजर कशावर ठेवायची?

जमाखर्च

दोन गोष्टींवर. पहिली, पुरवणी मागण्या. जून २०२५ अखेर सुरू झालेल्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या मागण्या आल्या, म्हणजे वर्ष सुरू होऊन तीन महिने झालेले. त्यात निव्वळ भार सुमारे ४०,६०० कोटी. बातमीत ढोबळ आकडा येतो. निव्वळ वेगळा असतो, कारण काही रक्कम केंद्राकडून येणारी असते, काही नुसती एका शीर्षातून दुसऱ्यात फिरते. तो फरक त्याच पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर दिलेला असतो.

दुसरी, महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावरचे राज्याचे मासिक निर्देशांक. तिथे लेखापरीक्षा न झालेले, पण प्रत्यक्ष जमाखर्चाचे आकडे महिन्यागणिक येतात. सप्टेंबरचा तक्ता उघडायचा आणि फक्त भांडवली खर्चाची ओळ बघायची: वर्षाच्या अंदाजाच्या किती टक्के झाला, आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती झाला होता. ती ओळ मागे पडली असेल आणि महसुली तूट पुढे गेली असेल, तर कातळशिल्प म्हणतात ती कात्री चालू झालेली असते.

कातळशिल्प

मार्चचाही तक्ता बघा. शेवटच्या महिन्यात भांडवली खर्च एकदम उसळलेला दिसला, तर त्यात रक्कम कोषागारातून काढून महामंडळाच्या खात्यात ठेवलेली किती आणि जमिनीवर झालेलं काम किती, हे वेगळं करावं लागतं. त्यासाठी पुढे येणारा राज्य वित्त लेखापरीक्षा अहवाल, त्यातलं उपयोगिता प्रमाणपत्रांचं (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्यांचं) प्रकरण.

अबोली

सप्टेंबरचा तक्ता कधी येतो साधारण?

जमाखर्च

महिना-दीड महिन्याने. आला की इथेच टाका, ओळीओळीने वाचू.